व्यापारी संकुलांची दारे : झिजलेल्या पिव्हटची वेळीच दुरुस्ती का आवश्यक?

चेन्नईतील टी. नगर, अर्थात त्यागराय नगर, ही देशातील अत्यंत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक आहे. मांबलम रेल्वे स्थानकालगतचा रंगनाथन स्ट्रीट, उस्मान रोड आणि पाँडी बाजार या परिसरात रेशमी साड्या, दागिने आणि भांड्यांच्या खरेदीसाठी वर्षभर गर्दी असते. तमिळ आडी महिन्यातील सवलतीची विक्री, दिवाळी आणि पोंगल या काळात ही गर्दी कैक पटींनी वाढते. अशा बाजारपेठेत दुकानाचे प्रवेशद्वार दिवसभर उघडझाप करत असते. त्या दाराचा संपूर्ण भार मात्र ग्राहकाच्या नजरेस न पडणाऱ्या एका लहानशा भागावर असतो. त्यालाच पिव्हट म्हणतात.

पिव्हट म्हणजे काय?

घरातील दार सामान्यतः बिजागऱ्यांवर फिरते. बिजागरीमुळे दाराचे वजन चौकटीच्या उभ्या बाजूला ओढ देते. दार जड आणि वापर सततचा असेल, तर स्क्रू सैल होतात आणि दार खाली उतरते. म्हणूनच दुकाने, बँका, रुग्णालये आणि कार्यालये यांची जड दारे बहुधा पिव्हटवर बसवली जातात. दाराच्या खाली एक आणि वर एक, असे दोन पिव्हट असतात. खालचा पिव्हट सारे वजन थेट जमिनीवर सोपवतो, तर वरचा पिव्हट दाराला सरळ उभे ठेवतो.

हे तत्त्व नवीन नाही. महाराष्ट्रातील गडकोटांचे आणि जुन्या वाड्यांचे भक्कम दरवाजे याच रीतीने फिरत असत. दाराच्या फळीलाच वर आणि खाली खुंटी ठेवली जाई आणि खालची खुंटी दगडात कोरलेल्या गोल खाचेत बसवली जाई. अनेक किल्ल्यांच्या प्रवेशद्वारांत या खाचा आजही पाहायला मिळतात.

आधुनिक काचेच्या दारात खालच्या खुंटीची जागा फ्लोअर स्प्रिंगने घेतली आहे. जमिनीत पुरलेल्या या पेटीत स्प्रिंग आणि तेल असते. पेटीतून वर आलेल्या पोलादी आसावर, म्हणजे स्पिंडलवर, दार टेकलेले असते. दार उघडले की स्प्रिंग ताणली जाते आणि तेलाच्या दाबामुळे दार सावकाश मिटते. अशा दारासाठी सामान्यतः 12 मिलिमीटर जाडीची टफन्ड काच वापरतात. या काचेचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे 30 किलो भरते. म्हणजे एक मीटर रुंद आणि 2.1 मीटर उंच दार सुमारे 63 किलोचे होते आणि हे सारे वजन बोटाएवढ्या जाडीच्या आसावर पेलले जाते.

झीज का होते?

पहिले कारण म्हणजे वापर. दार मिटवणाऱ्या यंत्रणांसाठीच्या ईएन 1154 या युरोपीय मानकानुसार चाचणीत 5 लाख वेळा उघडझाप करावी लागते. हा आकडा मोठा वाटतो. परंतु एखादे दार दर दहा सेकंदांनी एकदा, याप्रमाणे दिवसाचे बारा तास उघडले, तर दिवसाला 4320 वेळा उघडझाप होते आणि अवघ्या 116 दिवसांत 5 लाखांचा टप्पा पूर्ण होतो. घरगुती दाराला तेवढ्यासाठी कित्येक दशके लागतील. भारतात जड दारांच्या फ्लोअर स्प्रिंगसाठी आयएस 6315 हे मानक आहे. खरेदी करताना दाराचे वजन, रुंदी आणि अपेक्षित वापर यांचा मेळ घालणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

दुसरे कारण पाणी आणि हवा. समुद्रकाठच्या शहरांत दमट, खारट हवेमुळे पोलाद लवकर गंजते. टी. नगरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने वसलेला हा भाग 1920 च्या दशकात ‘लाँग टँक’ या विस्तीर्ण तलावाच्या जागेवर आखण्यात आला. नोव्हेंबर 2021 मधील अतिवृष्टीत येथील अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते. रस्त्यावरचे पाणी दुकानात शिरले की जमिनीतील पेटीतही शिरते. पाणी ओसरते, फरशी वाळते, पण पेटीत साचलेला ओलावा आणि गाळ तसाच राहतो. मुंबई, कोकण आणि गोव्यातील दुकानांनाही हीच अडचण भेडसावते.

तिसरे कारण चुकीची हाताळणी. दार उघडे ठेवण्यासाठी खाली पाचर मारणे, मर्यादेपलीकडे ढकलणे किंवा सामानाची ढकलगाडी दारावर आदळणे यामुळे आस वाकतो आणि वरच्या पिव्हटची बुश सैल होते.

लक्षणे कोणती?

दार फरशीला घासणे, वरची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसणे, दार मध्यरेषेवर न थांबणे, करकर आवाज येणे, दार धाडकन आपटणे आणि जमिनीवरील झाकणाभोवती तेल दिसणे ही झिजेची प्रमुख लक्षणे आहेत. काचेच्या दाराच्या बाबतीत त्यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. टफन्ड काचेचा पृष्ठभाग मजबूत असला, तरी तिची कड नाजूक असते. खाली उतरलेल्या दाराची कड फरशीवर किंवा शेजारच्या काचेवर आदळली, तर संपूर्ण काच क्षणात फुटून तिचे बारीक तुकडे होऊ शकतात. काच टफन्ड नसेल, तर धोका अधिक गंभीर असतो, कारण साध्या काचेचे मोठे, धारदार तुकडे होतात. जून 2020 मध्ये केरळमधील पेरुंबावूर येथे एका बँकेच्या काचेच्या दारावर आदळून जखमी झालेल्या महिलेचा मृत्यू झाला होता.

दुरुस्ती की बदल?

प्रत्येक वेळी सारे काही बदलावे लागत नाही. दार किंचित सरकले असेल, तर पेटीतील समायोजनाचे स्क्रू फिरवून ते जागेवर आणता येते. मिटण्याचा वेग वेगळ्या स्क्रूने कमी-अधिक करता येतो. वरच्या पिव्हटची खुंटी झिजली असल्यास खुंटी आणि बुश दोन्ही एकत्र बदलणे योग्य ठरते. जुन्या बुशमध्ये नवी खुंटी घातल्यास ती लवकर झिजते. फ्लोअर स्प्रिंगमधून तेल गळू लागले असेल, तर मात्र ती पेटी बदलणे हाच सामान्यतः योग्य मार्ग असतो. नवी पेटी जुन्याच मापाची असेल, तर फरशी फोडण्याची गरज बहुधा पडत नाही.

हे काम एकट्याने करण्याचे नाही. वरची खुंटी आत ओढून घेतल्यावर दाराला कोणताही आधार उरत नाही. त्यामुळे किमान दोन माणसे आणि काच धरण्याच्या व्हॅक्यूम मुठी आवश्यक असतात. उतरवलेली काच उघड्या फरशीवर न ठेवता लाकडी किंवा रबरी पट्ट्यांवर ठेवावी लागते. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोक पाडून बदलता येत नसल्याने नव्या भागांची मापे आधीच तपासावी लागतात. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणजे वरचा आणि खालचा पिव्हट एकाच ओळंब्यात असणे. या ओळंब्यात फरक राहिला, तर नवा पिव्हटही एका बाजूने झिजू लागतो.

प्रश्न केवळ सोयीचा नाही

टी. नगरने आगीच्या गंभीर घटना अनुभवल्या आहेत. सप्टेंबर 2008 मध्ये येथील एका मोठ्या दुकानाला लागलेल्या आगीत दोन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. 31 मे 2017 रोजी पहाटे उस्मान रोडवरील ‘द चेन्नई सिल्क्स’ या बहुमजली वस्त्रदालनाला भीषण आग लागली. इमारतीचा काही भाग कोसळला आणि उरलेली इमारत नंतर पाडण्यात आली. दुकान उघडण्यापूर्वी ही आग लागल्याने आत ग्राहक नव्हते.

गर्दीच्या वेळी दार अडले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील बोस्टन शहरात 28 नोव्हेंबर 1942 रोजी ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला लागलेल्या आगीत दिसते. मुख्य फिरते दार लोकांच्या रेट्याने अडकले. अन्य काही दारे कुलूपबंद होती, तर काही आतल्या बाजूने उघडणारी होती. या दुर्घटनेत 492 जणांचा बळी गेला.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाहेर पडण्याची दारे बाहेरच्या बाजूने उघडणारी आणि आतून किल्लीशिवाय उघडता येणारी असली पाहिजेत. परंतु पिव्हट झिजून दार फरशीत रुतत असेल, तर नियमाप्रमाणे बसवलेले दारही ऐनवेळी अडते. रोज सवयीने जरा उचलून दार ढकलणाऱ्या कर्मचाऱ्याला ही युक्ती ठाऊक असते, मात्र धुरात वाट शोधणाऱ्या ग्राहकाला ती ठाऊक नसते. वृद्ध, लहान मुले आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना तर असे दार एरवीही उघडत नाही.

त्यामुळे सणासुदीच्या विक्रीपूर्वी आणि पावसाळा संपल्यावर प्रत्येक दाराची तपासणी करणे हितावह ठरते. झाकण उघडून पेटी कोरडी आहे का ते पाहणे, स्क्रू आवळणे, फटी मोजणे आणि एका हाताने, न उचलता दार उघडते का याची खात्री करणे, एवढी ही तपासणी असते. दार या कसोटीला उतरले नाही, तर दुरुस्ती पुढील हंगामावर न ढकलता तत्काळ करून घ्यावी.