‘मोकळी’ या एका शब्दाची किंमत

लोअर परळला आज गिरण्यांच्या आवारांत हॉटेलांचे आणि कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. ते आपोआप उगवले नाहीत. त्यांच्यामागे एक नियम आहे.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८वा नियम आला. शेड पाडून जमीन विकसित करायची, तर ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली : वाटणी फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीची.

आता हिशेब मांडू. समजा, आवार १२ एकरांचे. त्यात ९ एकरांवर शेड. पहिल्या नियमाने जनतेचा वाटा ८ एकर. दुसऱ्याने मोकळ्या ३ एकरांपैकी २. एका शब्दापायी सहा एकर गेले! मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

मनोऱ्यांशी आमचे वैर नाही. तेथे झाडणारा, वाढणारा, पहारा करणारा कामगारच आहे. परंतु नियमाच्या मसुद्यावर हरकती मागवतात, तेव्हाच तो चाळीचाळींतून वाचला गेला पाहिजे. मनोरा चढल्यावर काढलेला मोर्चा उशिराचा असतो.