पाहुणा आणि लेखक : सिच्वानविषयक तीन पाश्चात्य प्रवासवर्णनांतील आतिथ्यविचार

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना निसर्गचित्रण, माहितीचा तपशील, शैली आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व हे घटक आपल्याकडे सामान्यतः विचारात घेतले जातात. प्रवासी लेखक परक्या मुलखात कोणाकडे उतरला, कोणाच्या पंक्तीला बसला आणि तेथे त्याचे स्थान काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक लेखकाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा चीनमधील सिच्वान या एकाच प्रदेशाविषयीच्या तीन पाश्चात्य पुस्तकांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. इझाबेला बर्ड यांचे यांगत्से खोऱ्याचे वर्णन (1899), पीटर हेस्लर यांचे 'रिव्हर टाउन' (2001) आणि फ्यूशा डनलॉप यांचे चिनी खाद्यानुभवाचे आत्मकथन (2008) ही ती तीन पुस्तके होत. प्रदेश एक आणि कालावधी सुमारे शंभर वर्षांचा असल्यामुळे लेखकाच्या स्थानातील फरक येथे विशेष स्पष्टपणे तपासता येतो.

1. आतिथ्याची परिभाषा

या ग्रंथांकडे वळण्यापूर्वी चिनी आतिथ्यव्यवहारातील काही संकल्पना लक्षात घेणे आवश्यक आहे. चिनी भाषेत शिष्टाचारासाठी 'खछी' हा शब्द रूढ आहे. त्यातील 'ख' म्हणजे पाहुणा. पाहुण्याला शोभेल अशी वागण्याची रीत, असा त्याचा मूळ भाव सांगता येईल. यजमान पाहुण्याला 'खछी करू नका' असे म्हणतो, तेव्हा 'संकोच करू नका, परकेपणा धरू नका' असेच त्याला म्हणावयाचे असते. म्हणजे ज्या शब्दाने सौजन्य व्यक्त होते, त्याच शब्दाने अंतरही सूचित होते. अतिशय जवळच्या माणसांत ही औपचारिकता गळून पडते आणि वारंवार आभार मानणे हे तेथे दुरावा दाखविल्यासारखे वाटू शकते.

दुसरी संकल्पना आग्रहाची. पारंपरिक मेजवानीत सन्माननीय पाहुण्याला दरवाजाकडे तोंड करून बसवितात. यजमान उत्तम घास स्वतः उचलून त्याच्या वाडग्यात ठेवतो आणि टेबल पदार्थांनी भरलेले असतानाही आज खास असे काही केलेले नाही, असे म्हणतो. मद्याच्या आग्रहाला 'छ्वान-ज्यू' असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्वारीसारख्या धान्यांपासून ऊर्ध्वपातनाने तयार केलेल्या 'बाइज्यू' या तीव्र मद्याचे छोटे पेले 'गानबेई' म्हणत रिकामे केले जातात. या व्यवहारात यजमानाची आणि पाहुण्याची प्रतिष्ठा गुंतलेली असते. नकार एकदा द्यावयाचा असतो, परंतु तो अखेरचा समजावयाचा नसतो. जेवणात ज्याला आपण 'आग्रह' म्हणतो, त्याच्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा संकेत समजण्यास अडचण पडणार नाही. 'जेवलात का?' हा प्रश्न चिनी बोलण्यातही केवळ विचारपूस म्हणून येतो आणि त्याला पोटाचा खराखुरा वृत्तान्त अपेक्षित नसतो, हेही साम्य येथे नोंदविण्याजोगे आहे.

2. यजमानाविना पाहुणी

इझाबेला बर्ड (1831–1904) या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 1892 मध्ये सदस्यत्व दिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक होत. 1896 मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, त्यांनी यांगत्से नदीतून वर जाऊन वान-श्येन येथून सिच्वानच्या अंतर्भागात खुष्कीने प्रवास केला. हा काळ लक्षात ठेवला पाहिजे. आदल्याच वर्षी, 1895 मध्ये, छेंगदूत मिशनऱ्यांविरुद्ध दंगली झाल्या होत्या आणि परकीय लोक मुले खातात, अशा अफवा प्रचलित होत्या. बर्ड उघड्या खुर्चीवजा पालखीतून जात. प्रतिष्ठित स्त्रीने बंद पालखीतूनच जावे, हा तेथील संकेत त्यामुळे मोडला जात असे. ल्यांगशान या गावी जमावाने त्यांचा पाठलाग केला, धर्मशाळेतील त्यांच्या खोलीला वेढा घातला आणि शेवटी सैनिक आल्यावरच त्यांची सुटका झाली. पुढे प्रवासात डोक्याला दगड लागून त्या जखमीही झाल्या.

बर्ड यांचा मुक्काम प्रामुख्याने रस्त्यावरच्या धर्मशाळांत किंवा मिशनऱ्यांच्या घरी होता. पहिल्या ठिकाणी त्या पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईक होत्या आणि दुसऱ्या ठिकाणी यजमान स्वतःच परदेशी होते. चिनी कुटुंबाच्या जेवणात सहभागी होण्याचा, आग्रह अनुभवण्याचा आणि त्याला उत्तर देण्याचा प्रसंग त्यांच्या वाट्याला जवळजवळ आला नाही. परिणामी त्यांच्या ग्रंथात चिनी दैनंदिन जीवन मुख्यतः बाहेरून दिसते. शेती, बाजार, रस्ते, पूल, हस्तव्यवसाय यांचे वर्णन तपशीलवार आहे. घराचा उंबरठा मात्र सहसा ओलांडला जात नाही.

तथापि या मर्यादेवरून त्यांची दृष्टी केवळ पूर्वग्रहदूषित होती, असा निष्कर्ष काढणे न्याय्य होणार नाही. नदीच्या खळाळांतून दोरांनी होड्या ओढणाऱ्या मजुरांच्या कष्टांविषयी त्यांनी आदराने लिहिले आहे. आपल्या पालखीवाल्यांच्या सचोटीची त्यांनी प्रशंसा केली आहे आणि चिनी समाजातील दानधर्माच्या संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ज्या माणसांशी त्यांचा प्रत्यक्ष व्यवहार आला, ती माणसे त्यांच्या लेखनात व्यक्ती म्हणून उभी राहतात. जमाव मात्र जमावच राहतो. हा भेद स्वभावापेक्षा परिस्थितीचा अधिक आहे.

3. सरकारी पाहुणा ते शेजारी

हेस्लर हे अमेरिकेच्या 'पीस कोअर' या संस्थेतर्फे 1996 च्या ऑगस्टमध्ये बोटीने फूलिंग येथे आले आणि तेथील अध्यापक महाविद्यालयात दोन वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवीत राहिले. फूलिंग त्या वेळी सिच्वान प्रांतात होते. 1997 मध्ये ते नव्याने निर्माण झालेल्या छुंगछिंग महानगर प्रदेशात गेले. गावाला रेल्वे नव्हती आणि परदेशी माणूस हे तेथे अप्रूप होते.

आरंभी हेस्लर यांच्याशी होणारा व्यवहार 'खछी'च्या पातळीवरचा आहे. अधिकाऱ्यांच्या मेजवान्या होतात, पेल्यांवर पेले रिकामे करण्याची चढाओढ लागते, सौजन्य भरपूर असते. परंतु हेच सौजन्य पाहुण्याला त्याच्या जागी बसवून ठेवते. कोणत्या विषयावर बोलावे आणि कोणत्या टाळावे, हेही त्यात अनुस्यूत असते. रस्त्यावर त्यांना 'लाओवाइ', म्हणजे परदेशी, अशा हाका ऐकाव्या लागतात. या दोन टोकांमधून बाहेर पडण्याची वाट त्यांना भाषा आणि रोजचे जेवण यांतून सापडते. महाविद्यालयाजवळच्या एका छोट्या कौटुंबिक खाणावळीत ते नियमाने जाऊ लागतात. तेथे झणझणीत तिखट रश्शातील 'छाओशौ' हा सारणाच्या उकडीचा पदार्थ मिळतो आणि त्याबरोबर शेजारीपाजारी, वर्तमानपत्र, मुलाचे खेळ आणि गप्पाही मिळतात. येथे आग्रह नाही, मानाचे आसन नाही. पैसे देऊन जेवणे आहे. तरीही आत्मीयता आहे ती येथेच. बर्ड यांच्या धर्मशाळेतही पैसे देऊनच जेवण मिळत होते. फरक पडतो तो वारंवारतेमुळे आणि समान भाषेमुळे.

हेस्लर यांच्या ग्रंथाचा प्रामाणिकपणा असा की, ही प्रगती ते सरळ रेषेत दाखवीत नाहीत. मुक्कामाच्या अखेरच्या दिवसांत, 1998 मध्ये, ते व त्यांचे सहकारी गावाचे चित्रीकरण करीत असताना जमाव त्यांच्या अंगावर धावून येतो. कॅमेरा हाती येताच शेजारी पुन्हा परका निरीक्षक होतो. लिहिणे हेही एक प्रकारचे चित्रीकरणच असल्यामुळे हा प्रसंग संपूर्ण ग्रंथावरील भाष्यासारखा वाचता येतो. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याविषयी किती आणि कसे लिहावे, हा प्रवासवर्णनाचा नैतिक प्रश्न येथे उभा राहतो.

4. जिभेचे शिक्षण

डनलॉप 1994 मध्ये शिष्यवृत्तीवर छेंगदूच्या सिच्वान विद्यापीठात आल्या आणि पुढे तेथील पाककलेच्या उच्च शिक्षणसंस्थेत नियमित प्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या पाश्चात्य विद्यार्थिनी ठरल्या. त्यांच्या आत्मकथनात हाँगकाँगमध्ये प्रथमच समोर आलेल्या 'पिदान'चा उल्लेख येतो. चुना, राख, मीठ यांच्या लेपात मुरविलेली ही बदकाची अंडी. पांढरा भाग काळपट पारदर्शक आणि बलक हिरवट करडा झालेला. त्यांना ती पाहूनच किळस येते. येथून आरंभ झालेला प्रवास हा भूगोलाचा नसून रुचीचा आहे.

पाकशाळेत डनलॉप पाहुण्या राहत नाहीत. बहुसंख्य पुरुष असलेल्या वर्गात, सिच्वानी बोलीतील अध्यापन ऐकत त्या चौकोनी पात्याच्या सुऱ्याने कापण्याचे प्रकार, आचेचे नियंत्रण आणि संमिश्र स्वादांची शास्त्रशुद्ध वर्गवारी शिकतात. सिच्वानी पाकशास्त्र असे 23 संमिश्र स्वाद मानते. मिरचीचा तिखटपणा आणि तिरफळाच्या जातीच्या 'ह्वाज्याव'ची जिभेला येणारी झिणझिणी यांचा 'मा-ला' हा त्यांपैकी एक. दुसरा 'माशाच्या सुगंधाचा' म्हणून ओळखला जातो, पण त्यात मासा नसतो. माशांसाठी वापरावयाच्या मसाल्यांवरून त्याला ते नाव मिळाले आहे. 'खौगान' म्हणजे पदार्थाचा तोंडातील स्पर्श. कुरकुरीत, चिवट, बुळबुळीत अशा स्पर्शांचा आनंद घेता आल्याशिवाय चिनी भोजनाचा अर्धा भाग अगम्य राहतो, हे त्यांना अनुभवाने कळते.

ज्या पदार्थांना पाश्चात्य प्रवाशांनी परंपरेने 'विचित्र' म्हटले, त्यांच्यामागे रुचीची एक तर्कशुद्ध व्यवस्था आहे, हे दाखविणे ही या ग्रंथाची मोठी कामगिरी होय. परंतु शिष्यत्वाने विवेक संपत नाही. शार्कच्या परांसारख्या पदार्थांविषयी लेखिकेच्या मनात पर्यावरणविषयक प्रश्न उभे राहतात. सर्व काही खाण्याची तयारी आणि काही न खाण्याचा निर्णय यांतील ताण ग्रंथाला खोली देतो.

5. समारोप

एडवर्ड सैद यांच्या 1978 मधील ग्रंथापासून पाश्चात्यांचे पौर्वात्यविषयक लेखन सत्तासंबंधांच्या संदर्भात वाचण्याची पद्धत रूढ झाली. ती उपयुक्त आहेच. बर्ड यांच्या मागे साम्राज्याचे बळ होते, हे विसरता येत नाही. मात्र केवळ याच चौकटीतून पाहिले तर पाश्चात्य लेखक एकसारखेच दिसू लागतात. गिऱ्हाईक, शेजारी आणि शिष्य या तीन भूमिकांमुळे त्यांच्या लेखनात पडणारा फरक निसटतो. जमावाचा वेढा बर्ड यांनाही पडला आणि हेस्लर यांनाही. तथापि तो जमाव एकाला अनामिक राहिला आणि दुसऱ्याला त्यातून स्वतःच्या निरीक्षकपणाचा विचार करावा लागला, याचे कारण या भूमिकांत सापडते.

मराठी प्रवासवर्णनांच्या अभ्यासातही ही दृष्टी उपयोगी पडेल. मीना प्रभु यांच्या 'चिनी माती'सारखे पुस्तक वर्गात शिकविताना, लेखिकेने काय पाहिले याबरोबरच ती कोणत्या नात्याने तेथे वावरली, कोणाच्या भाषेत बोलली आणि कोणत्या क्षणी 'खछी' गळून पडली, हे प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतील. आग्रह, संकोच, पाहुणचार, यजमान, पंगत असे नेमके शब्द ज्या भाषेजवळ आहेत, तिच्या समीक्षेने आतिथ्याचा हा विचार उसन्या परिभाषेवर अवलंबून न राहता मांडावयास हरकत नाही.