एकवीस किलोमीटर आणि आईची तीन मिनिटे

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. असा अडनिडा आकडा कुठून आला, हे आमच्या हाउसमधले ज्युनियर मला नेहमी विचारतात, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसर किल्ल्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९२१ साली तेच कायमचे ठरले. त्याचे निम्मे म्हणजे हाफ. एकविसावा किलोमीटर संपल्यावर जे साडेसत्त्याण्णव मीटर उरतात, ते अशा रीतीने इंग्लंडच्या राजाकडून आलेले आहेत. माझी आई त्या राजावर फार नाराज आहे.

आई साताऱ्याला शिक्षिका आहे, वय ४४. पाच वर्षांपूर्वी तिने धावायला सुरुवात केली, तेव्हा पोवई नाक्यापर्यंत जाऊन येतानाही तिला दम लागायचा. आता ती हाफ मॅरेथॉन धावते. मी अजून धावू शकत नाही, कारण बहुतेक स्पर्धांत हाफसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. त्यामुळे आमच्या घरात धावण्याचे काम तिचे आणि हिशोबाचे काम माझे, अशी वाटणी झाली आहे. हा लेख त्या हिशोबाबद्दल आहे.

हौशी धावपटूंच्या बोलण्यात सारखा येणारा शब्द म्हणजे पीबी, पर्सनल बेस्ट. त्या अंतरासाठीची स्वतःची आजवरची सर्वांत कमी वेळ. हजारो लोकांच्या स्पर्धेत पहिले येण्यासाठी धावणारे फार तर वीस-पंचवीस असतात. बाकी सगळे स्वतःच्या जुन्या वेळेशी लढत असतात. आईची पीबी २ तास २ मिनिटे ५८ सेकंद होती आणि तिला दोन तासांच्या आत यायचे होते. म्हणजे तीन मिनिटांचा प्रश्न. ऐकायला सोपे वाटते. पण दोन तासांत पोचायचे तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटे ४१ सेकंदांत धावायला हवा, आणि असे एकवीस किलोमीटर.

पीबी मोजायची कशी, इथपासूनच घोळ सुरू होतो. मोठ्या स्पर्धेत मागे उभ्या असलेल्या माणसाला बंदूक उडाल्यावर नुसते सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच काही मिनिटे लागतात. म्हणून छातीवरच्या बिबला एक चिप असते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटवरून आपण गेलो की तिची नोंद होते. या मॅटपासून त्या मॅटपर्यंतची वेळ ती चिप टाइम, आणि बंदुकीपासून मोजलेली ती गन टाइम. बक्षिसे आणि विक्रम साधारणपणे गन टाइमवर ठरतात, पण हौशी धावपटूने चिप टाइमच धरावी. गर्दीत उभे राहणे हे काही धावणे नव्हे.

दुसरा प्रश्न अंतराचा. रस्त्यावरच्या शर्यतीचे अंतर गाडीच्या मीटरने किंवा मोबाइलवर मोजत नाहीत. त्यासाठी सायकल वापरतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र लावतात आणि पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचा हिशोब आधी पक्का करतात. मग धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, सायकल नेतात. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. नीट मोजलेल्या हाफमध्ये त्यामुळे साधारण एकवीस मीटर जादा असतात. त्यात आपण गर्दीतून नागमोडी धावतो, म्हणून मनगटावरचे घड्याळ शेवटी बहुधा २१.२ किंवा २१.३ दाखवते. पुष्कळजण यावर चिडतात, पण त्यात मार्गाचा दोष नसतो.

खरी गडबड घड्याळाने कमी दाखवले तर असते. गेल्या डिसेंबरमध्ये एका शहरातल्या स्पर्धेत आईची वेळ आली १ तास ५८ मिनिटे ४० सेकंद. मी हिवाळी सुट्टीत घरी होतो. आम्ही आनंदाने जिलेबी आणली. संध्याकाळी तिच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी घड्याळे ताडून पाहिली, तर प्रत्येकाचे २०.४ च्या आसपास. यू-टर्नचा खांब अलीकडेच लावला गेला होता, हे आयोजकांनी दोन दिवसांनी कळवले. मी हिशोब मांडला. २०.४ किलोमीटरला १:५८:४०, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ४९ सेकंद. त्या वेगाने पूर्ण अंतराला २:०२:४३ लागले असते. पीबी झालीच असती, पंधरा सेकंदांनी. आई म्हणाली, “जे अंतर मी धावलेच नाही त्याची वेळ मी कशी लावू?” तिने ती वेळ कुठेच लिहिली नाही. मेडल मात्र ठेवले आहे. जिलेबी संपली होती.

अंतर बरोबर असले तरी दोन मार्गांची तुलना करता येतेच असे नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन आमच्या घराजवळून जाते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. सप्टेंबरात आईला तिथे २ तास १६ मिनिटे लागली. रविवारी फोनवर तिचा आवाज पडलेला होता, “अरे, मी हळू झाले.” मला ते अजिबात पटले नाही. जितके चढलो तितकेच उतरलो तर हिशोब फिटायला हवा असे वाटते, पण तसा तो फिटत नाही. चढावर गेलेला सगळा वेळ उतारावर परत मिळत नाही, कारण उतरताना प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक लावत असतात, आणि त्या मांड्या चढून आधीच दमलेल्या असतात. साताऱ्याची वेळ साताऱ्याच्याच वेळेशी ताडावी. तिथल्या आधीच्या वर्षापेक्षा ती चार मिनिटांनी जलद होती!

जागतिक विक्रमांसाठीही याचे नियम आहेत. सुरुवातीपासून शेवटापर्यंत मार्ग दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतरलेला चालत नाही. सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतरही शर्यतीच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर वारा सगळा वेळ पाठीशी राहू शकतो. बोस्टनचा मार्ग या दोन्हींत बसत नाही. म्हणून २०११ साली केनियाचे जेफ्री मुताई तिथे २:०३:०२ मध्ये मॅरेथॉन धावले, जगात तोवर कोणी तितके जलद धावले नव्हते, तरी तो जागतिक विक्रम धरला गेला नाही. आमच्या शाळेलाही हे लागू आहे. आम्ही हिमाचलच्या डोंगरात आहोत, हवा विरळ आहे, म्हणजे प्रत्येक श्वासाला ऑक्सिजन कमी. मैदानी भागातून नवीन आलेल्या कॅडेटची पाच किलोमीटरची वेळ पहिल्या टर्ममध्ये वाढते, आणि तो बिचारा घरी कळवतो की इथे आल्यापासून माझा स्टॅमिना गेला. पालकांनी काळजी करू नये.

आता मुख्य मुद्दा. तीन मिनिटे येतात कुठून? ठरावीक वेगापर्यंत स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनच्या मदतीने मिळते, आणि तयार होणारे लॅक्टेट शरीर तितक्याच वेगाने वापरून टाकते. त्या रेषेच्या वर गेले की लॅक्टेट साचू लागते, धाप लागते, आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने संपू लागते. चांगला तयार धावपटू त्या रेषेवर साधारण तासभर टिकतो. आता अविनाश साबळे यांचे उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव. महार रेजिमेंटचे जवान म्हणून ते सियाचीनला होते, राजस्थानच्या वाळवंटात होते, सिक्कीमला होते. त्यांचा खरा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. पण नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत ते हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावले आणि तो राष्ट्रीय विक्रम झाला. किलोमीटरला २ मिनिटे ५२ सेकंद. आपल्या भाषेत सांगायचे तर पीपीटीचे २.४ किलोमीटर सात मिनिटांच्या आत, आणि न थांबता तसे जवळजवळ नऊ वेळा.

साबळे यांची शर्यत तासाभरात संपते, म्हणून त्यांना त्या रेषेला जवळजवळ चिकटून धावता येते. आईची शर्यत दोन तासांची. तिला रेषेच्या थोडे खालीच राहावे लागते. म्हणजे हौशी धावपटूची हाफ ही विजेत्याच्या हाफची नुसती हळू केलेली प्रत नाही. ती दुप्पट वेळ चालणारी वेगळीच शर्यत आहे, आणि तिच्यात सुरुवातीची घाई जास्त महाग पडते.

आईच्या जुन्या पीबीचे आकडे माझ्या वहीत आहेत. पहिले पाच किलोमीटर २७:००. दुसरे पाच २८:१०. तिसरे ३०:०५. चौथे ३१:००. सकाळची थंड हवा, ढोल-ताशे, शेजारून पुढे जाणारे लोक, आणि अंगात आठवडाभराची विश्रांती. सत्तावीस मिनिटे तिला सोपी वाटली. दोन तासांसाठी २८:२६ पुरली असती. सुरुवातीला कमावलेले दीड मिनिट शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये तिने तिपटीने परत केले.

यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे अंदाज. पीट रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली एक सूत्र मांडले. अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट होत नाही, साधारण २.०८ पट होते. त्या सूत्राने १० किलोमीटरला ५५ मिनिटे लागणाऱ्याची हाफ २:०१:२१ येते, आणि ५४ मिनिटे लागणाऱ्याची १:५९:०९. आईचे १० किलोमीटर तेव्हा ५५ च्या थोडे वर होते. म्हणजे दोन तास ही त्या वेळी नुसती इच्छा होती, तयारी नव्हती. सूत्र अर्थात लांब पल्ल्याचा सराव झाला आहे असे धरून चालते.

दुसरी गोष्ट सरावाची. आठवड्यातले बहुतेक किलोमीटर बोलता बोलता धावता येतील इतके सावकाश, एक दिवस त्या रेषेजवळचा वेग, आणि रविवारी लांब पल्ला. हे सावकाश धावणे आईला फार जड गेले. चार भिंतीच्या रस्त्यावर ओळखीचे लोक तिला मागे टाकून जायचे. आम्हा कॅडेटांना तर ते अशक्यच वाटते. आमच्याकडे पळणे म्हणजे एक तर शिक्षा, नाही तर शर्यत. माझे स्पष्ट मत आहे की आम्ही खूप धावतो, पण मधल्या वेगाने. सावकाश म्हणता येणार नाही आणि जलदही म्हणता येणार नाही, अशा वेगाने रोज दमतो. उस्तादांना मी हे विचारले, तर ते हसून म्हणाले, “पहले दो किलोमीटर में जो आगे जाता है, जाने दो. मिलेगा.” क्रॉस कंट्रीला या वर्षी आम्ही चौघे तेच करून पाहणार आहोत.

जानेवारीत आई मुंबईची हाफ धावली. माहीमहून पहाटे निघून सी लिंकवरून वरळी, मग पुढे अर्ध्याहून जास्त अंतर संपल्यावर पेडर रोडचा चढ, मग मरीन ड्राइव्ह. मी आणि बाबा मरीन ड्राइव्हला उभे होतो. पाच-पाच किलोमीटरचे आकडे असे होते: २९:१०, २८:३५, २८:४५ (यात चढ आला), २७:५४. राजाच्या साडेसत्त्याण्णव मीटरसकट उरलेले अंतर ५:५७. एकूण २ तास २१ सेकंद.

पीबी अडीच मिनिटांनी सुधारली, आणि दोन तास एकवीस सेकंदांनी राहिले. आईचे म्हणणे असे की पहिल्या पाच किलोमीटरमध्ये गर्दीत चव्वेचाळीस सेकंद जास्त गेले, तिथेच सगळे गेले. माझे म्हणणे असे की ते चव्वेचाळीस सेकंद गेले म्हणूनच शेवटचे पाच २७:५४ झाले, आणि राहिलेले सेकंद १० किलोमीटरची वेळ ५४ वर आणल्यावरच मिळतील. बाबा कोणाचीच बाजू घेत नाहीत. रविवारी फोनवर आमचा हा वाद चालू असतो, आणि मागे रांगेत उभी असलेली मुले “टाइम ओव्हर” म्हणून ओरडत असतात.