‘डर्थ’ : टंचाई की महागाई?
इंग्रजीतील ‘डर्थ’ या शब्दाचा अर्थ आपण ‘टंचाई’ असा शिकवतो. पण तो बनला आहे ‘डिअर’पासून. ‘डिअर’ म्हणजे प्रिय, तसेच महागही. ‘वॉर्म’चे ‘वॉर्म्थ’, तसे ‘डिअर’चे ‘डर्थ’. आपल्या ‘महाग’वरून ‘महागाई’ व्हावे तसेच. धान्य कमी पडले की भाव चढत. म्हणून महागाईचा शब्द टंचाईचा झाला. आज पाणी, माहिती, शिक्षक अशा कशाचीही उणीव ‘डर्थ ऑफ’ने सांगतात. जुना अर्थ मात्र व्यवहारात टिकून आहे. वाघोली गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, तरी तेथील अनेक सोसायट्या टँकरचे पाणी विकत घेत राहिल्या. वर्गात विचारून पाहा : टँकर परवडत नाही, त्याने काय करायचे?