तिसऱ्या महिन्यातला वण

टाके निघाले की जखम बरी झाली, असं आपण धरून चालतो. त्वचेचा हिशेब वेगळा असतो. स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली बाई तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहते, तेव्हा तिला बारीक, फिकट रेघ दिसते आणि हायसं वाटतं. तिसऱ्या महिन्यात तीच रेघ लालसर-जांभळी झालेली असते. जाड, कडक, खाजरी. आता हे असंच राहणार, या धास्तीनं ती आरशासमोर उभं राहणंच टाळू लागते. नेमकं याच वेळी तिला कुणीतरी सांगायला हवं असतं, की बहुधा काही बिघडलेलं नाही, वण अजून तयार होतोय.

ही शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंती चोचले, असा समज शहरांतही आहे. बीडसारख्या जिल्ह्यात तर तिच्याबद्दल उघड बोललंच जात नाही. पण स्तनांचा भार अवाजवी वाढला की काय होतं, हे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेल्या गावातल्या बाईला विचारावं. मान-खांदे भरून येतात. ब्राच्या पट्ट्या रुतून खांद्याला खाचा पडतात. स्तनाखालच्या वळीत घाम साचतो, कातडी सोलवटते, बुरशी धरते आणि पावडर लावून लावून बाई थकते. खुरपताना, वाकून वेचणी करताना पाठ बोलू लागते. वजन उतरवलं तरी स्तन त्या प्रमाणात उतरतातच असं नाही. कमी झालेलं ओझं हा या शस्त्रक्रियेचा पहिला लाभ आहे. दिसण्याचा मुद्दा नंतर येतो, आणि तोही क्षुल्लक नाही.

शस्त्रक्रियेत जास्तीची चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढतात, उरलेल्या स्तनाला नवा आकार देतात आणि स्तनाग्र वर सरकवतात. त्वचा कुठे कापायची याचा सर्वांत प्रचलित आराखडा रॉबर्ट वाइज या अमेरिकी सर्जननं १९५६ मध्ये मांडला, आणि तो सुचला ब्रा शिवण्यासाठी कापड बेततात त्यावरून. वण राहतात ते या बेतामुळे: स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनं एक, तिथून सरळ खाली एक आणि स्तनाखालच्या वळीत आडवा एक. उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते, तिथे ताण सर्वाधिक आणि रक्तपुरवठा सर्वांत तोकडा. पहिल्या काही आठवड्यांत जखम उकललीच तर बहुतेकदा तिथेच उकलते. तेवढ्यानं घाबरायचं कारण नसतं. लहान उकल ड्रेसिंगवर भरून येते, फक्त तिथला वण थोडा रुंद राहतो.

स्तनाग्र वर सरकवताना ते सहसा कापून सुटं करत नाहीत. मांसाच्या एका पट्ट्यानं ते शरीराला जोडलेलं ठेवतात, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा चालू राहतो. या तत्त्वाचं एक गाजलेलं उदाहरण मराठी मुलखातलं आहे. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्यातल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी, एक टोक जोडलेलं ठेवून, खाली वळवली आणि नवं नाक घडवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं त्याची हकिकत चित्रासह छापली आणि युरोपातल्या सर्जनांचे डोळे उघडले. चित्रात कावसजीच्या कपाळावरचा वणही लपवलेला नाही. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, ही आपली जुनी सवय.

आता वणाकडे. जखम झाली की आधी रक्त गोठतं, मग पांढऱ्या पेशी साफसफाई करतात, मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी घाईघाईनं कोलॅजेन हे प्रथिन ओततात. घाई एवढ्यासाठी, की उघडी जखम म्हणजे जंतूंना वाट. निरोगी त्वचेत कोलॅजेनचे धागे बांबूच्या टोपलीसारखे आडवेतिडवे विणलेले असतात. वणात ते एकाच दिशेनं, दाटीवाटीनं पडतात. शरीर गरजेपेक्षा जास्त माल टाकतं, त्याला खाऊपिऊ घालायला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. वण लाल आणि फुगीर दिसतो तो त्यामुळे. काही पेशी स्नायूंसारख्या आकसतात, म्हणून ओढल्यासारखं वाटतं. हे सगळं ऐन भरात येतं ते दुसऱ्या ते चौथ्या महिन्याच्या आसपास. पुढे जादा कोलॅजेन विरघळतं, कच्च्या धाग्यांच्या जागी पक्के येतात, रक्तवाहिन्या मिटतात. वण मऊ आणि फिकट व्हायला वर्ष लागतं, कधी दीड वर्ष. तरीही मूळ त्वचेची पूर्ण ताकद त्याला येत नाही. साधारण ऐंशी टक्क्यांवर तो थांबतो. तिसऱ्या आठवड्यात तर ती जेमतेम वीस टक्के असते. वरून जुळलेली दिसणारी जखम घेऊन लगेच पाण्याची कळशी उचलायची नसते, ती यासाठी.

आपल्या सावळ्या कातडीला आणखी दोन गोष्टी लागू होतात. ऊन लागलं तर नवा वण काळवंडतो आणि मग लवकर उजळत नाही. आणि वण जाड होण्याचा कल आपल्यात अधिक असतो. जाड असूनही मूळ रेषेच्या हद्दीत राहणारा वण बऱ्याचदा आपोआप निवळतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेवर पसरणारा तो केलॉइड. तो स्वतःहून जात नाही. छातीचा मधला भाग, खांदे आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी अशी गाठ आली असेल, घरात कुणाला आली असेल, तर ते सर्जनला शस्त्रक्रियेआधी सांगावं. केलॉइडमध्ये स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. वेळेवर गेलं तर त्यांचा चांगला उपयोग होतो.

रोजच्या काळजीत सिलिकॉनची जेल किंवा पट्टी सर्वांत भरवशाची. जखम पूर्ण मिटल्यावरच सुरू करायची आणि पट्टी असेल तर दिवसातले बारा तास तरी, निदान दोन-तीन महिने ठेवायची. ती वणातला ओलावा टिकवते आणि कोलॅजेनची घाई आवरते. ती परवडत नसेल तर मेडिकलमधली साधी कागदी चिकटपट्टीही ताण कमी करते. बीडच्या उन्हाळ्यात घामानं पट्टी सुटते, खाली पुरळ येतं. तेव्हा दुपारी काढावी, धुऊन कोरडं करून रात्री लावावी. ओल्या जखमेवर हळद, तूप, राख, चुना यांपैकी काहीही नको, मग सांगणारी सख्खी आजी का असेना.

आणि मिश्री. ‘‘मावशी, तंबाखू खाता का?’’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘‘नाही हो.’’ ‘‘आणि मिश्री?’’ ‘‘ती काय, सकाळ-संध्याकाळ दाताला.’’ मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. ज्या शस्त्रक्रियेत स्तनाग्राचा सगळा जीव एका पट्ट्यातून येणाऱ्या रक्तावर अवलंबून असतो, तिथे ही सवय महागात पडू शकते. आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे ती बंद हवी.

मनाचं काय? इथे बीडचा एक कटू अनुभव आठवल्यावाचून राहत नाही. २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ जणींची गर्भपिशवी काढली गेली. या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. कॅन्सरची भीती, आगाऊ घेतलेली उचल फेडायची चिंता, खाडा परवडत नाही ही विवंचना, यांतून झालेले ते निर्णय. पोटावरचा तो वण आणि छातीवरचा हा वण सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतील. पण एकीला काय काढणार, का काढणार आणि मागे काय राहणार हे समजावलं जातं. दुसरीला नुसती सही करायला सांगितलं जातं. वण अंगावर घेऊन जगणं समजून होकार देणारीला तुलनेनं सोपं जातं, असं मला वाटतं.

स्तन लहान करण्याच्या बाबतीत हे समजावणं मोठं असायला हवं. स्तनाग्राची संवेदना काही महिने बोथट राहते, काही जणींची पूर्ण परतत नाही. पुढे बाळाला अंगावर पाजणं अनेकींना जमतं, पण हमी नाही. वण कायमचे असतात. हे सगळं ऐकून होकार दिलेल्या स्त्रियांचं समाधान किती, हे मोजायला २००९ मध्ये ‘ब्रेस्ट-क्यू’ नावाची प्रश्नावली पुढे आली. त्यात गुण डॉक्टर देत नाहीत, बाई स्वतः देते. प्लास्टिक सर्जरीतल्या ज्या शस्त्रक्रियांनंतर रुग्ण सर्वाधिक समाधानी आढळतात, त्यांत ही एक आहे, वण असूनही.

सुरुवातीचे महिने मात्र अवघड जातात. गावात छातीचं ऑपरेशन म्हटलं की पहिला तर्क कॅन्सरचा आणि पहिला प्रश्न, ‘‘बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात दाखवलं का?’’ काय सांगायचं आणि कुणाला, हे आधीच ठरवलेलं बरं. नवऱ्याला पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी सोबत न्यावं. त्यालाही वणाचं वेळापत्रक डॉक्टरांच्या तोंडून कळू द्यावं. जखम मिटल्यावर बोटांनी रोज पाच-दहा मिनिटं हलका मसाज केला तर वण मऊ होतो, आणि ज्या जागेला हात लावायची भीती वाटत होती तिथे हात जाऊ लागतो. बदल जोखायचा तर महिन्यातून एकदा, त्याच उजेडात पाहावं. रोज पाहिलं तर फरक कळत नाही, नुसती काळजी वाढते. वर्ष उलटूनही झोप उडत असेल, नात्यात अंतर पडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्यात काही कमीपणा नाही.

शिंप्याकडे जायची घाई करू नये. सूज उतरून आकार स्थिरावायला सहा महिने तरी जातात. तोवर समोरून उघडणारी, तारेशिवायची सुती ब्रा आणि सैल पोलकं. नव्या मापाचे ब्लाऊज त्यानंतर, आणि खालची पट्टी वळीतल्या वणावर येणार नाही एवढं शिवणाऱ्याला आवर्जून सांगायचं.