क्लच झाला, ब्रेक मऊ पडले
बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लच आणि ब्रेक यांना ऑइल एकाच डबीतून मिळतं. घरी क्लचची हवा काढताना डबीतली पातळी फार खाली गेली, की ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्येही हवा शिरू शकते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पेडल मऊ लागतं. भराभर पंप केल्यावर ते कडक झालं, तर बहुधा हवाच आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या सीलवर घ्या. हवा मॅन्युअलमधल्या क्रमानेच काढा. काही एबीएस गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लागतो. पेडल घट्ट होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.