जागच्या जागी वळणारे यंत्र

अमेरिकेत दोन-चार एकरांच्या अंगणात गवत कापायला स्टिअरिंग नसलेले यंत्र वापरतात. कॅन्ससमध्ये मामांकडे मी ते चालवले. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र गती असते. ती दोन दांड्यांनी सांभाळायची. एक चाक पुढे, दुसरे मागे फिरवले की यंत्र जागच्या जागी गर्रकन वळते! झाडाभोवतीचे गवतही सुटत नाही. पुढची चाके मात्र खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी. दिशा देणे त्यांचे काम नव्हे. म्हणूनच उतारावर ओल्या गवतात मागची चाके घसरली, की वळणे आणि थांबणे दोन्ही एकदम हातचे जाते. १५ अंशांहून अधिक उतार तर वर्ज्यच. पाठीमागची लोखंडी कमान उभी असेल तर पट्टा बांधायचा. दुमडलेली असेल तर बांधायचा नाही, म्हणजे यंत्र कलंडताना उडी टाकता येते. तळ्याकाठची उतरती पट्टी मामा अजूनही हाताने ढकलायच्या यंत्रानेच कापतात.